मंगळवारचं पाणी

१४ नोव्हेंबर १९७८, मंगळवार

नोकरीला लागून दोन महिने झाले, आज पहिल्यांदा टेबल सोडून नदीवर गेले. संध्याकाळी आईनं विचारलं, "काय केलंस दिवसभर?" म्हटलं, "नदीचं पाणी बाटलीत भरून आणलं." ती म्हणाली, "त्यासाठी एम.एस्सी. कशाला लागते?"

कशाला लागते ते इथे लिहिते. खाप्याच्या वरच्या अंगाला, कन्हानच्या काठावर टेंभुरडोह नावाचं गाव आहे. तिथल्या कागद मिलला आता दुप्पट व्हायचंय. नव्या नियमाप्रमाणे त्याआधी नदीच्या पाण्याचा अहवाल लागतो. आमच्या प्रादेशिक विकास कक्षात रसायनशास्त्र शिकलेली मी एकटीच, म्हणून काम माझ्याकडे आलं. दर पंधरा दिवसांनी मंगळवारी नमुना घ्यायचा. मार्चमध्ये मुंबईहून समिती येईल, तिच्यापुढे माझे आकडे जातील. कक्षाचे प्रमुख मनोहरराव साहेब म्हणाले, "लतिकाबाई, या भागात असा अहवाल पहिलाच होतो आहे. कोणाला बोट ठेवायला जागा नको."

ठेवू देणार नाही. काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली धरून भरली, बुडबुडा एकही राहू दिला नाही. जागेवरच दोन औषधं घालून हलवली. पाण्यात प्राणवायू असला की बदामी साका बसतो, नसला की पांढरा. आज सुंदर बदामी बसला. नदी जिवंत आहे.

मिलचे मॅनेजर स्वतः घाटावर आले होते. "आपली वाटच पाहत होतो," म्हणाले. चहा, बिस्किटं, बसायला खुर्ची. बाईमाणूस म्हणून कोणी हसलं नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पात्राच्या वाळूत एक बाई खड्डे खणत होती. पंचेचाळीसची असेल, काष्टा घातलेली, हात कोपरापर्यंत वाळूनं माखलेले. कुदळ टाकून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "हे काय करून राहिली वं बाई?" मी समजावून सांगितलं. तिनं बाटली उन्हात धरून पाहिली. तिचं नाव रंभाबाई. जातीनं ढिवर, नदीवर मासेमारी करणारे. पावसाळा संपला की नदीच्या वाळूत खड्डे करून, त्यात शेणखत घालून डांगरं लावतात. खरबूज, टरबूज दोन्ही. तिच्या सासूची सासूही याच वाळूत लावायची म्हणे.


२८ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा बदामी साका. प्राणवायू सहा पूर्णांक आठ. आकडा इतका चांगला की दोनदा मोजला.

रंभाबाईच्या खड्ड्यांतून दोन दोन पानं वर आली आहेत. वारा लागू नये म्हणून तिनं तुराट्यांचं कुंपण केलंय. मला पाहून म्हणाली, "तुमी मंगळवारीच काहून येता?"

"ठरलेला वार आहे."

"आइतवारी या ना एखांद्या. आइतवारी पानी पाहा. काळं येते, फेस येते. मासोया उलट्या होते."

मी वहीत लिहून घेतलं, पण खरं सांगायचं तर विश्वास बसला नाही. गावची माणसं वाढवून सांगतात. पाणी कधीतरी गढूळ होत असेल. माझ्या बाटलीत तर सहा पूर्णांक आठ आहे.


३० नोव्हेंबर

साहेबांनी माझा तक्ता सगळ्या ऑफिसला दाखवला. "अक्षर पाहा," म्हणाले. डिसेंबरचा दौरा-कार्यक्रम टाइप करून पाठवला. एक प्रत जीपसाठी, एक साहेबांना, एक माहितीसाठी मिलच्या मॅनेजरांना. सात दिवस आधी कळवायची पद्धत आहे.


१२ डिसेंबर, मंगळवार

आकडा उत्तम. मात्र काठाच्या दगडांवर, पाण्याच्या रेषेपेक्षा हातभर वर, काळपट पट्टा दिसला. वाळलेल्या शेवाळासारखा. त्यात बोटाएवढे वाळलेले मासे चिकटलेले होते, पन्नास तरी असतील. तक्त्यात याला रकाना नाही. "इतर निरीक्षणे" असा एक रकाना असायला हवा होता. साहेबांना सुचवीन.

येताना जीपमध्ये मी म्हटलं, "मारोतराव, तुम्हाला काय वाटतं? रंभाबाई म्हणते पाणी काळं येतं. मला तर एकदाही दिसलं नाही."

मारोतराव आमचे ड्रायव्हर, वीस वर्षं सरकारी जीप चालवताहेत. ते रस्त्याकडे बघतच म्हणाले, "म्याडम, आपन येनार हे नदीले बी मालूम असते."

मी हसले. माणूस मजेशीर आहे.


९ जानेवारी १९७९, मंगळवार

रंभाबाईच्या वेली पसरल्या होत्या, पण नदीकडच्या दोन ओळींची पानं पिवळी पडून कडेनं करपली होती. तिनं खड्डा उकरून मला वाळू दाखवली. वर पिवळी, चार बोटं खाली करडी, चिकट. हाताला वास येत होता. उकडलेल्या गवताचा, त्यात सडलेल्या कोबीचा.

तिचा मुलगा केशव तिथेच होता. चोवीस-पंचवीसचा, उंच, कमी बोलणारा. मिलमध्ये बदलीवर कामाला आहे. ज्या दिवशी बोलावतील त्या दिवशी काम. मी विचारलं, "केशवभाऊ, रविवारी खरंच सोडतात का हो पाणी?"

त्यानं आईकडे पाहिलं. "मी लगद्याच्या खात्यात असतो. पान्याचं मले नाई मालूम." आणि तो टोपली घेऊन निघून गेला.

"भेतो तो," रंभाबाई म्हणाली. "बायको हाय त्याची, गोपिका. नवीन लगन झालं. पक्का कराचं म्हनून राहिले त्याले."


२२ जानेवारी, सोमवार

आज फेब्रुवारीचा कार्यक्रम टाइप करताना कार्बन लावला आणि हात थांबला.

"प्रत माहितीसाठी: व्यवस्थापक, कागद मिल, टेंभुरडोह."

ही ओळ नोव्हेंबरपासून मी स्वतः टाइप करते आहे. तारीख, वार, पोचण्याची वेळ. मी येणार म्हणून त्यांना सांगते आणि मग जाऊन बघते की पाणी स्वच्छ आहे. मारोतरावांना कळलं होतं. रंभाबाईला कळलं होतं. मला एम.एस्सी.ला पहिला वर्ग आहे.

कागद मशीनमधून काढला नाही. तसाच ठेवून जेवायला गेले. परत येऊन पूर्ण केला, पाठवला. दुसरं काय करायचं तेवढ्यात सुचलं नाही.


२८ जानेवारी, रविवार

आईला सांगितलं मैत्रिणीकडे जाते. धंतोलीतल्या घरून रिक्षानं एसटी स्टँड, सावनेरची गाडी, तिथून खाप्याची. खाप्यापासून पुढे बैलगाडी मिळाली. बाटल्या पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळल्या होत्या, औषधांच्या कुप्या पर्समध्ये. दुपारी पावणेदोनला घाटावर पोचले.

घाट दिसायच्या आधी वास आला.

पाणी काळ्या चहासारखं होतं. मिलच्या नाल्यापासून पलीकडच्या काठापर्यंत फेस, पिवळट, गुडघाभर उंच. वाऱ्यानं त्याचे गोळे वाळूवर उडत होते. रंभाबाई आणि तिचा नवरा नत्थूजी टोपल्या टोपल्या वाळू टाकून वेलींपुढे बांध घालत होते. काळं पाणी त्या बांधाला लागून हळूहळू वर येत होतं. रंभाबाई म्हणाली, "पाह्यलं?" एवढंच. मग पुन्हा टोपली उचलली.

बाटली भरली. दोन्ही औषधं घातली, हलवली, वाट पाहिली. पाणीच काळसर, तरी साक्याचा रंग स्पष्ट होता.

पांढरा. शुद्ध पांढरा.

मी ती बाटली हातात धरून वाळूवर बसले. शेजारी एक हातभर लांब मासा पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेत होता. घेत होता, बुडत होता, पुन्हा घेत होता. नत्थूजींनी त्याला उचलून वरच्या बाजूला, नाल्याच्या पलीकडे नेऊन सोडलं. मला वाटलं होतं टोपलीत टाकतील.

उद्या साहेबांना दाखवते. आता कोणी काही म्हणू शकणार नाही.


२९ जानेवारी, सोमवार

बाटली साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कुठलं?"

"टेंभुरडोह. काल दुपारी दोन."

"कोणासमोर घेतलं?"

"रंभाबाई होत्या. त्यांचे यजमान होते."

"मिलचा माणूस?"

"नव्हता."

साहेबांनी बाटली उचलून पुन्हा खाली ठेवली. "मग लतिकाबाई, हे पाणी टेंभुरडोहचं आहे हे फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे. त्यांच्या माणसासमोर घ्यायचं, त्याच्यासमोर लाख लावायची, अर्धं त्याला द्यायचं. तेव्हाच तो नमुना. नाही तर ही नुसती बाटली."

मी म्हटलं, "पण साहेब, तुमचा विश्वास आहे ना?"

"माझ्या विश्वासाला रकाना नाही."

ते रागावले नव्हते. उठून कपाटातून एक जाड फाईल काढली, त्यांचा विकास आराखडा. पंधरा वर्षं लिहिताहेत. "माझ्या गावात पंचावन्न घरं," म्हणाले, "एकवीस बंद आहेत. पोरं भिलाईला गेली, मुंबईला गेली. कारखाना येईल तेव्हा ती परत येतील एवढ्यासाठी मी हे लिहितो आहे. यात पान चौसष्टवर पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेची अट आहे. मीच घातली आहे. विस्तार मंजूर झाला की ती अट लागू होईल. आधी मिल टिकली पाहिजे."

मग त्यांनी स्वतःहून सांगितलं, एकदा न कळवता जाऊन या. परवानगी देतो. किती मोठ्या मनाचा माणूस! मी उगाच घाबरले होते.


१५ फेब्रुवारी, गुरुवार

मारोतराव आणि मी न कळवता गेलो. घाटावर आधी नजर टाकली. पाणी काळं! मनात म्हटलं, आज सापडलात.

नियमाप्रमाणे मिलच्या फाटकावर गेलो, माणूस द्या म्हणून. दरवान म्हणाला मॅनेजरसाब खाप्याला गेलेत. दुसरा अधिकारी? जेवायला गेला. तिसरा? सही करायचा अधिकार त्याला नाही. अकरा पंचवीसला पोचलो होतो. बसायला खुर्ची मात्र दिली. दोन वाजून दहा मिनिटांनी मॅनेजर आले, हात जोडून म्हणाले, "कळवलं असतं तर मी इथेच थांबलो असतो ना, म्याडम."

घाटावर गेलो तेव्हा पाणी निवळलं होतं. फेसाचे चार तुकडे काठाला अडकलेले. मॅनेजरसमोर बाटली भरली. फिका बदामी. पाच पूर्णांक एक.

मर्यादेच्या आत आहे.

परतताना मारोतराव म्हणाले, "म्याडम, तुमी रडू नका बाप्पा. मी गाडी हळू चालवतो, घर येईपर्यंत तोंड धुऊन घ्या." मी रडत नव्हते. निदान मला तसं वाटत नव्हतं.


६ मार्च, मंगळवार

डांगरं निघाली आहेत. निम्मी आतून तपकिरी. चांगली दिसतात त्यांनाही वास येतो. रंभाबाईनं एक कापून दिलं. मी फोड तोंडात घातली आणि गिळू शकले नाही. तिनं ते पाहिलं. म्हणाली, "खाप्याच्या बाजारात बी असंच झालं. एका बाईनं फोड चाखली आन माह्या समोर थुकली. डांगर काय, माह्या तोंडावरच थुकल्यासारखं वाटलं."

मी तिला सांगितलं, वीस तारखेला समिती येते आहे. खाप्याच्या विश्रामगृहात लोकांचं ऐकून घेणार आहे. माझी बाटली चालत नाही, पण तुमचं बोलणं चालेल. वाळू आणा, डांगर आणा, जे पाहिलं ते सांगा.

"मोठे साहेब ऐकन माहं?"

"ऐकतील. मी असेन ना तिथे."

नत्थूजी म्हणाले, "नोको जाऊ." ती म्हणाली, "काहून नोको? चोरी केली काय आपन?" आणि माझ्याकडे वळून, "येतो मी. पक्कं."

परतताना जीपमध्ये खूप दिवसांनी हलकं वाटलं. खरं तर हे आधीच करायला हवं होतं. आकड्यांनी होत नाही ते माणूस बोलला की होतं.


२० मार्च, मंगळवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात तीन सदस्य, पंखा, पन्ह्याचे ग्लास. मनोहरराव साहेबांनी माझा तक्ता वाचून दाखवला. नऊ नियमित नमुने समाधानकारक. "शिवाय," ते थांबले, "एक नमुना पूर्वसूचना न देता घेतला. तोही मर्यादेत." अध्यक्ष म्हणाले, "व्हेरी गुड. ही काळजी सहसा कोणी घेत नाही." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती परवानगी मीच आनंदानं घेतली होती.

मग बाजारातले लोक बोलले. मिल मोठी झाली की दुकानं वाढतील, रस्ता डांबरी होईल, पोरं घरी राहतील. कोणी खोटं बोलत नव्हतं. एक म्हातारा म्हणाला माझे तिन्ही लेक बाहेर आहेत, एक तरी परत येऊ द्या. त्याचं ऐकताना मलाही वाटलं, मिल व्हावी.

मग रंभाबाईला पुकारलं. तिचं नाव आणि डांगरांची तक्रार मीच आधी लिहून दिली होती. धुवट लुगडं नेसून आली होती. हातात काही नव्हतं. वाळू नव्हती, डांगर नव्हतं.

"बाई, तुमच्याकडचं पाणी कसं आहे?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"चांगलं हाय साहेब."

"डांगराचं पीक बिघडलं असं या मॅडम म्हणतात."

"यंदा बीच खराब होतं. मीच पाहून नाई आनलं."

मी उठून उभी राहिले. ही बाई खोटं बोलते आहे असं सांगू? अध्यक्षांनी विचारलं, "आपल्याला काही म्हणायचंय?" साहेबांनी हलकेच मान नाही म्हणून हलवली, वडील हलवतात तशी. मी म्हटलं, "नाही." आणि बसले.

रंभाबाई पायऱ्या उतरून गेली. वळून पाहिलं नाही.


२१ मार्च

दिवसभर तिचा राग आला. संध्याकाळी मारोतरावांनी सांगितलं, गेल्या गुरुवारी केशव मिलमध्ये पक्का झाला. मॅनेजरांनी कागद हातात दिला आणि विचारलं, तुझ्या आईला खाप्याला जायचं आहे म्हणे?

"तिनं पोरगं वाचवलं म्याडम," मारोतराव म्हणाले. "तुमी काहून राग करता?"

मी तिला बोलवायला गेले नसते तर केशव पक्का झाला असता का? हा विचार कुठूनही धरला तरी बोचतो. मी तिचं भलं केलं की वाईट, तेही ठरवता येत नाही.


१६ एप्रिल, सोमवार

अंतिम अहवाल सहीसाठी आला. एकतीस पानं. तक्ता माझा, अक्षर माझं. निष्कर्षात लिहिलंय की नदीची स्थिती समाधानकारक असून विस्तारास हरकत नाही. शुद्धीकरणाची यंत्रणा "साधने उपलब्ध होताच" बसवावी. साहेबांच्या आराखड्यात "विस्तारापूर्वी" असं होतं. मी त्यांना दाखवलं. त्यांना ते ठाऊक होतं. "वर बदललं," म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढे विचारवेना.

सही करू नये असं वाटत होतं. दुपारभर पेन उघडून बसले. पण कारण काय लिहू? दहाही आकडे खरे आहेत. एकही मी बनवलेला नाही. चार वाजता शिपाई तिसऱ्यांदा आला तेव्हा सही केली.


१० मे

विस्तार मंजूर.

साहेबांनी माझं नाव पुण्याच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी पाठवलं. आदेशही आला, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं. एवढ्या लवकर आदेश कधी येत नाहीत म्हणे. आई खूश आहे. काम पाहून निवड होते, तेव्हा कुठेतरी आपली कदर आहे म्हणायची. टेंभुरडोहचे नमुने आता कोण घेणार असं विचारलं, तर साहेब म्हणाले, "आता गरज नाही."


३ जून, रविवार

जाण्याआधी रंभाबाईला भेटायचंच होतं. माफी मागायची होती की जाब विचारायचा होता, बसमध्येही ठरलं नव्हतं.

पात्रात डांगरवाडी नव्हती. तुराट्यांच्या खुणासुद्धा नाहीत. गावात विचारत ढिवरांच्या वस्तीत गेले. दारातच ती गोवऱ्या रचत होती. मला पाहून उभी राहिली. मला वाटलं, आत जाऊन दार लावेल. ती म्हणाली, "या बाई. उन्हाच्या काहून आल्या?"

खाट टाकली. नत्थूजी मिलच्या बांधकामावर रेती वाहायला गेले होते, केशव पाळीवर. मी सुरुवात केली, "रंभाबाई, त्या दिवशी खाप्याला..."

"सोडा ते," ती म्हणाली. "बरं झालं तुमी आल्या. तुमचीच आठवन काढून राहिली होती मी."

आत जाऊन तिनं तांब्या आणला. मागून तिची सून गोपिका आली, दाराला टेकून उभी राहिली. पोट पुढे आलेलं, चेहरा ओढलेला.

"वस्तीच्या विहिरीचं हाय," रंभाबाई म्हणाली. "महिनाभर झाला वास येऊन राहिला. तुमी तपासनीवाल्या. गोपिकाले सातवा चालू हाय, पोट दुखते तिचं रोज. पाजाव का नाई, तेवढं सांगा."

तांब्या नाकाशी नेला. उकडलेलं गवत, सडलेला कोबी. पाण्याला पिवळी झाक होती, पितळेत नीट दिसत नव्हती, म्हणून थोडं तळहातावर ओतून पाहिलं. बाटल्या आणल्या नव्हत्या. औषधंही नव्हती. काही नसतानाही कळत होतं.

"हे पाजू नका," मी म्हटलं.

"बरं. मंग कोनतं पाजू?"

प्रश्न साधा होता. ती वाट पाहत होती. नदीचं चालणार नव्हतं. दुसरी विहीर कुठे आहे विचारलं, तर मिलच्या क्वार्टरांत, फाटकाच्या आत. तिथे क्वार्टरवाल्यांनाच पाणी. केशवला क्वार्टर कधी? "दोन वर्सानं भेटन म्हनते." त्याशिवाय खाप्याच्या रस्त्यावरची एका शेतकऱ्याची विहीर, सव्वा कोस, आणि उन्हाळ्यात तो कोणाला हात लावू देत नाही.

कक्षाला पत्र लिहीन असं म्हणणार होते. कोणाला लिहू? मी पुढच्या आठवड्यात पुण्याला असेन. आणि ज्या अहवालात हे पाणी समाधानकारक आहे, त्याच्या शेवटच्या पानावर माझंच नाव आहे.

रंभाबाई अजून वाट पाहत होती. गोपिकाही.

"उकळून पाजा," मी म्हटलं.

हे मी का म्हटलं ते लिहायलाच आज वही उघडली, पण सापडत नाही. उकळून जंतू मरतात. या पाण्यात जे आहे ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे ठाऊक असतं. काहीतरी सांगायला हवं होतं आणि माझ्या तोंडात तेवढंच आलं.

रंभाबाईचा चेहरा मोकळा झाला. "एवढंच ना? मले वाटलं का आता काय होते अन् काय नाई." तिनं तिथूनच शेजारणीला हाक मारली, "ओ जयवंता! पानी उकळून प्या लागते वं! तपासनीवाल्या बाईनं सांगतलं! पुऱ्या वस्तीले सांगजो!"

जयवंतानं पुढच्या घराला सांगितलं. मी खाटेवर बसून ऐकत होते, ते शब्द एकेका दारातून लांब जात होते.

चूल पेटली. पाणी उकळलं तेव्हा वास आणखी उठला, पण त्यात धूर मिसळला. रंभाबाईनं ते फडक्यानं गाळलं, परातीत घालून निववलं. गोपिकानं पेला दोन्ही हातांत धरला, माझ्याकडे पाहत हळूहळू पूर्ण प्यायली. मी तिला थांबवलं नाही.

"आता वास नाई येत, बाई," ती म्हणाली आणि हसली.

मी मान हलवली.